अडसर

गावचं धाब्याचं घर उतरवलं, तेव्हा भंगारवाला सागाचा भाव घनफुटावर बोलत होता. खांब, तुळया, कडीपाट सगळं टेम्पोत चढलं. वडील एवढंच म्हणाले, "बाकी सर्वं लई जा, पन चौकट ऱ्हाऊ दे."

अमळनेरच्या नव्या घराचा नकाशा तोवर तयार होता आणि त्यात दार होतं सात फुटांचं. आमची चौकट जेमतेम साडेपाच. मिस्तरीनं टेप गुंडाळत सांगितलं, "भाऊ, लोके डोकं फोडी लेतीन." शेवटी वर जाळीचा झरोका बसवून जागा भरून काढली. डोकी अधूनमधून फुटतातच.

चौकटीवर ऑईलपेंटचे थर होते. हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली आणखी हिरवा. ते खरवडल्यावर मिस्तरीनं रंधा मारला आणि पहिल्याच फटक्यात पात्याला खाच पडली. आत खिळा! मग त्यानं जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधून लाकडावरून फिरवलं. एकट्या माथ्याच्या पट्टीतून 19 खिळे निघाले. प्रत्येक लग्नात तोरणाला नवा खिळा ठोकायचा, जुना काढायचा कुणी नाही, ही आमच्या घराण्याची रीत. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. कडेची पांढरी पट्टी तेवढी पोखरलेली निघाली. रंध्याखालून मात्र असा तेलकट वास सुटला, की लाकूड कालच कापलंय म्हणावं.

हॉटेलांत हल्ली अशी दारं भिंतीला नुसती टेकवून ठेवतात, ती न उघडणारी दारं बघून मला उगीच गुदमरतं.

आमचं दार उघडतं, पण अडसर बसेना. जुन्या घराची भिंत दोन हात जाड, मातीची. तिच्या पोटात लांब भोक होतं. दिवसा अडसर त्यात सरकवायचा, रात्री ओढून दाराआड घ्यायचा. नऊ इंची विटेच्या भिंतीत चार हातांचं लाकूड शिरणार कुठे? कडी लावून झाल्यावरही वडिलांचा हात भिंतीकडे जायचा, चाचपायचा, परत यायचा.

अडसर सध्या गच्चीवर असतो. मे महिन्यात स्लॅब पोळत असतो, आई त्यावर साडी अंथरून बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालते आणि साडी उडू नये म्हणून वाऱ्याच्या बाजूला तो आडवा टाकते.