मावशी कॅमेऱ्याकडे पाठ करून जेवल्या
मंगळवार, रात्री साडेअकरा

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ऑफिसातून मोबाइलवर घरातला कॅमेरा उघडला. रोजच उघडते. चिऊ झोपलेली दिसली की बंद करते. आज ती झोपलीच होती. तिला सांभाळणाऱ्या मावशी स्वयंपाकघराच्या दारात, फ्रिजला टेकून खाली बसल्या होत्या आणि डबा उघडत होत्या. भाजीच्या डबीचं झाकण काढलं, नाकाशी नेली, झाकण परत लावलं आणि ती डबी बाजूला सरकवली. भाकरी काढली. पुडीतली चटणी झाकणावर ओतली, बोटानं जरा पाणी शिंपडलं. पहिला घास तोंडात घातला आणि एकदम वर कॅमेऱ्याकडे बघितलं. मग बसल्या जागीच वळल्या आणि पाठ करून जेवल्या.

भाजी नासली याचं वाईट वाटलंच. मे महिना आहे, पहाटे पाचला केलेली भाजी लोकमान्यनगरहून बसमधून मानपाड्यापर्यंत येणार आणि दुपारी दोनला उघडणार, दुसरं काय होणार? पण डोक्यातून जात नाही ती पाठ.

फ्रिजमध्ये कालचं वरण होतं, भेंडी होती, दही होतं. पहिल्याच दिवशी मी सांगितलं होतं, "मावशी, लागेल ते घेत जा हं." आठ महिन्यांत त्यांनी चहाशिवाय काही घेतलेलं नाही आणि मी मनात म्हणत राहिले, संकोची आहेत. आता वाटतं, दुसऱ्याच्या घरचा फ्रिज कोण उघडतं? मी तरी सासरी पहिलं वर्षभर कुठे उघडत होते? समोर वाढून ठेवलं तर माणूस जेवतं. "घेत जा" म्हणून मी माझी सुटका करून घेतली होती.

आणि ज्या फ्रिजला त्या टेकल्या होत्या, त्याच्या दारावर चिऊचा तक्ता आहे. माझ्याच हातचा. अकराला फळ, साडेबाराला मऊ वरणभात आणि तूप, चारला नाचणीची पेज. त्याच्याखाली बसून मावशी चटणी-भाकरी खात होत्या. त्यांच्या जेवणाची वेळ त्या तक्त्यावर नाही. चिऊ ज्या वेळी झोपेल ती त्यांची वेळ, आणि नाही झोपली तर?

हे मी कधी विचारलंच नाही.

ऐरोलीहून परतताना लोकलमध्ये मात्र माझाच मला राग यायच्या ऐवजी सगळ्यांचा आला. मला कोण विचारतं जेवलीस का म्हणून? आज सव्वातीनला स्क्रीनसमोर गार पोळी गिळली. सव्वीस आठवड्यांची रजा संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाले, छाती दुखत होती तरी. पगारातला केवढा हिस्सा घर सांभाळण्यातच जातो. त्यात आता हेही मीच बघायचं? ठाणे स्टेशन येईपर्यंत हेच. घोडबंदर रोडला बस अडकली तेव्हा रडूसुद्धा आलं. कशाचं, ते नीट सांगता येत नाही.

आईकडे कामवाल्या बाईंची कपबशी खिडकीत वेगळी असायची. मी तसं करणार नाही हे केव्हाच ठरवलं होतं, केलंही नाही. मावशी आमच्याच कपातून चहा पितात. तेवढ्यावर मला वाटलं, झालं. असो.

मघाशी चिऊला थोपटता थोपटता काही नियम आहे का ते शोधत बसले. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८चा कायदा आहे, कल्याण मंडळ आहे, १८ ते ६० वयाच्या बायकांची तिथे नोंदणी होते. मावशींची झालीय का, मला माहीत नाही. जानेवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला या कामासाठी कायदा करता येईल का हे पाहायला समिती नेमायला सांगितलं. आणि घरकाम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०११चा एक करार आहे, क्रमांक १८९, भारतानं तो अजून मंजूर केलेला नाही. त्यात एक गोष्ट वाचून थांबले: कामाला ठेवताना जेवण मिळणार असेल तर तेही त्या बाईला समजेल असं आधी सांगावं, शक्यतो लेखी. आमचं काय ठरलं होतं? मावशींना पाठवणाऱ्या ब्युरोवाल्या बाई मला फोनवर म्हणाल्या, "चोवीस तासांची असेल तर जेवणखाण तुमच्याकडे. दिवसाची असेल तर डबा तिचा, चहा तुमचा." मी बरं म्हटलं. मावशी त्या फोनवर नव्हत्याच.

घरी पोचले तेव्हा त्या चप्पल घालत होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "भाजी खराब झाली होती का?" म्हणजे मी बघत होते हे त्यांना कळलंच. थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "उन्हानं होतं तसं. असू द्या."

मी म्हटलं, उद्यापासून दुपारचं जेवण इथेच, आणि पगारातून काही कापायचं नाही. त्या चिऊकडे बघत म्हणाल्या, "ताई, तुमचं मला जात नाही. लई अळणी करता." मी काय बोलणार? जिना उतरता उतरता थांबल्या. "भाकरी मी आणते. कालवण तेवढं ठेवा."

पाठ का केलीत, हे विचारायचं होतं. धीर झाला नाही. पण आठ महिने बघत मीच होते, हे विचारायचं तरी कुठल्या तोंडानं?

कॅमेरा वळवून ठेवलाय. आता त्यात चिऊचा पाळणा दिसतो, स्वयंपाकघराचं दार दिसत नाही.

सकाळी स्वयंपाकाच्या ताई विचारतील, किती पोळ्या टाकू? आठच. पण भाजी वाढवायची. आमची काढून घेतली की उरलेलीत हिरव्या मिरचीचा ठेचा घालून एक उकळी, मग स्टीलच्या डब्यात, फ्रिजच्या पुढच्या कप्प्यात. आणि तक्त्यावर साडेबाराच्या खाली एक ओळ लिहायचीय, वेळ मावशींना विचारून.