एसीचा गॅस संपत नाही, गळतो

मार्च लागला की परभणी असो की जालना, एसीच्या दुकानासमोर जुन्या गाड्या उभ्या आणि तोंडी एकच वाक्य: "गॅस संपलाय, भरून द्या." गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, जळून संपायला. बंद नळ्यांत तोच तो फिरतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला, आणि ती जागा न शोधता भरलेला नवा गॅसही तिथूनच जाणार.

बंद गाडीला गेज (दाबमापक) लावून "गॅस फुल आहे" असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. गाडीच्या एसीतल्या आर-१३४ए गॅसचा थोडासा द्रव जरी आत उरला असेल, तरी ४० अंशांना काटा १३० पीएसआयच्या (दाबाचं माप) आसपासच दिसतो. मग आत १५० ग्रॅम असो की ४५०.

आधी डोळे वापरा. गॅससोबत कॉम्प्रेसरचं, म्हणजे गॅस दाबणाऱ्या पंपाचं, तेलही बाहेर येतं. आपल्याकडे कंडेन्सरवर (गाडीच्या पुढची, गॅस थंड करणारी जाळी) काळ्या मातीची धूळ बसलेलीच असते, पण ती कोरडी, ब्रशनं झटकली की उडते. गळतीपाशी तीच धूळ ओली, चिकट होऊन बसते आणि बोटाला तेल लागतं. डॅशबोर्डाआडच्या कूलिंग कॉइलचा संशय असेल तर गॅस काढण्याआधीच तपासा: ब्लोअर दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवा, मग गॅस डिटेक्टरचं टोक एसीचं पाणी बाहेर सोडणाऱ्या ड्रेन पाइपच्या तोंडाशी धरा. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली उतरतो.

मग उरलेला गॅस मशीननं काढून घ्या आणि रेग्युलेटर लावून १५० पीएसआयपर्यंत नायट्रोजन भरा. ऑक्सिजन चुकूनही नको, तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो. टायरची हवाही नको, तिच्यात पाणी असतं. गाडी थंड आणि सावलीत हवी, नाहीतर इंजिन निवतानाच काटा चार-पाच पीएसआय उतरतो आणि नसलेली गळती दिसते. साबणाचा दाट फेस आधी सर्व्हिस पोर्टच्या (गॅस भरायचं तोंड) पिनेवर, मग सांध्यांवर, कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यांवर आणि शेवटी कॉम्प्रेसरच्या क्लचमागे लावा. बारीक गळतीचा बुडबुडा यायला दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढा धीर धरा.

सांध्यातली रबरी ओ-रिंग १३४ए साठीचीच घ्या, बसवताना कॉम्प्रेसरच्या तेलाचा हात फिरवा. नळाचं रबर चालत नाही. कंडेन्सरला भोक असेल तर बदला, वेल्डिंग फारसं टिकत नाही. सिस्टीम उघडली की ड्रायर (ओलावा शोषणारी डबी) नवा. गळती बुजवणारं औषध मात्र टाकू नका, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, म्हणजे गॅस जातो ती बारीक वाट, तुंबतो.

मग पंपानं आतलं सगळं ओढून व्हॅक्यूम करा, अर्धा ते पाऊण तास. पुस्तकात २९.९ इंच (पाऱ्याचे) लिहिलेलं असतं, पण संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंच, हवेचा दाबच कमी, म्हणून तिथं काटा २८ पाशीच थांबतो. पंप बदलायला धावू नका. आणि व्हॅक्यूम टिकला म्हणजे गळती नाही, असंही नाही. व्हॅक्यूममध्ये बाहेरून जेमतेम १४ पीएसआय दाबतात. चालू एसीत आतून दोनशेच्या वर ढकलतात.

गॅस वजनकाट्यावर तोलून भरा. आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये असतो. शंभर ग्रॅम जास्त झाला तर मे महिन्याच्या दुपारी हाय साइडचा (कॉम्प्रेसरपुढच्या नळ्यांतला) दाब इतका चढतो की कॉम्प्रेसर सारखा कट होतो.

पोर्टची झाकणं परत लावून घ्या. ती नुसती धुळीसाठी नसतात; आतल्या रबरी रिंगेमुळे पिनेतून झिरपणारा गॅसही तीच अडवतात.