वॅप-४ मॉडेल, अपडेट ६ : बोग्या परत काढल्या भो

मागच्या अपडेटला माझ्या वॅप-४, म्हणजे विजेवरच्या पॅसेंजर इंजिनाच्या मॉडेलला बोग्या (डबे नव्हे, इंजिनाखालची चाकांची चौकट) बसल्याचा फोटो टाकला, कुणीच काही बोललं नाही म्हणून मी खुशीत होतो. रविवारी आमच्या गल्लीतले आप्पा आले, भुसावळला इंजिन चालवून रिटायर झालेला माणूस. शेवभाजी हाणता हाणता मॉडेल उचललं, उलटं केलं आन म्हणे, "हाई काय लाई दिधं रे भो, हाई त डिझेलनी बोगी शे! स्प्रिंगा कोठे शेतस?"

झालं. चूक माझीच, जुन्या डब्ल्यूडीएम-२ (अल्को कंपनीच्या डिझाइनचं डिझेल इंजिन) मॉडेलचा साचा पडून होता तोच वापरला. म्हटलं, दोन्हीला एका बोगीत तीन एक्सल, कोण बघतंय.

आता गंमत अशी की तीच बोगी वॅम-४ या जुन्या विजेच्या इंजिनाखाली शंभर टक्के बरोबर ठरली असती. वॅम-४ चित्तरंजनला १९७० पासून बनलं, ३६४० हॉर्सपॉवर, मालगाडी पण ओढायचं आणि मेल-एक्सप्रेस पण, आणि बोगी सरळ अल्को डिझेलची उचललेली, ट्रायमाउंट, म्हणजे बॉडीचं वजन तीन ठिकाणी टेकवलेलं. मग हावडा राजधानीसाठी निव्वळ पॅसेंजरचं इंजिन पाहिजे होतं म्हणून १९८० ला वॅप-१ आलं, तिथे फ्लेक्सीकॉइल, म्हणजे गोल स्प्रिंगांची बोगी लागली पण मोटारी त्याच जुन्या टीएओ ६५९. डबे वाढत गेले तशी ताकद कमी पडायला लागली, मग १९९० च्या दशकात तीच स्प्रिंगांची बोगी ठेवून हिताचीच्या सहा मोटारी टाकून वॅप-४ काढलं, पाच हजार हॉर्सपॉवरच्या वर. मालगाडीच्या वॅग-७ ला पण हीच मोटार बरं का, फरक गिअरच्या दातांचा, तिकडे ६५:१६ आणि इकडे ५८:२३, म्हणून एक जोर लावतं आणि दुसरं १४० ने पळतं. आपल्याला वॅप-४ म्हणजे काहीतरी वेगळंच इंजिन वाटतं, पण तसं पाहिलं तर ते वॅम-४ चंच नातवंड.

आप्पा इगतपुरीला गाडी ताब्यात घ्यायचे. तेव्हा मुंबईकडून १५०० व्होल्ट डीसी, तिथून पुढे २५ हजार एसी, त्यामुळे इंजिन बदलल्याशिवाय गाडी हलायची नाही. टॅप चेंजरचे (मोटारींचा व्होल्टेज टप्प्याटप्प्याने वाढवणारा स्विच) ३२ नॉच, म्हणजे टप्पे, कसे टकटक चढायचे ते त्यांनी तोंडाने वाजवून दाखवलं, आमची आई हसून हसून बेजार.

तर काम कुठवर आलं. स्केल १:८७, इंजिन १८.८ मीटरचं म्हणजे मॉडेल २१६ मिलिमीटर. चाकं ॲल्युमिनियमची, साडेबारा मिलिमीटरची, लेथवाल्याकडून १२ कापून आणली, ती वाया नाही गेली हे नशीब. स्प्रिंगा तांब्याच्या तारेच्या, शिलाई मशीनच्या सुईवर गुंडाळतोय, एक बोगी झाली, दुसरी अर्धी. छप्पर सनबोर्डचं होतं, ते जळगावच्या उन्हात गच्चीवर वाळत ठेवलं आणि पापडासारखं वाकलं, आता पीव्हीसी शीट घेतली. पेंटोग्राफ (छपरावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा) मागचाच वर ठेवणार, खऱ्या गाडीत पण तसंच करतात, तुटला तर तुकडे पुढच्यावर पडत नाहीत.

रंग लाल, मधे क्रीम पट्टा, ते ठरलंय. बाजूला भुसावळ लिहायला एवढ्या बारीक अक्षराचं स्टेन्सिल कुणाकडे असेल तर सांगा, हाताने दोनदा लिहून बघितलं, 'ळ' चा 'क' होतोय.