बेसच्या तारा: पाकिटावर 'लाँग' लिहिलंय, पण किती लाँग?

बेस गिटारच्या तारांच्या पाकिटावर शॉर्ट, मीडियम, लाँग किंवा एक्स्ट्रा लाँग असं काहीतरी छापलेलं असतं. आपला बेस 34 इंची स्केलचा, म्हणजे लाँग घ्यायच्या, इतकाच हिशोब बहुतेक जण करतात. बऱ्याचदा तो जमूनही जातो. फसतो तो तार ब्रिजच्या (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) मागून, टेलपीसवरून (तारांची मागची टोकं धरणारा वेगळा भाग) किंवा बॉडीतून ओवायची असते तेव्हा, नाहीतर 30 इंची बेसवर लाँग तारा चढवल्या जातात तेव्हा.

आधी स्केल, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी बघू. नटच्या (मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांत बसतात ती पट्टी) फ्रेटबोर्डकडच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या (मानेवरची आडवी धातूची पट्टी) माथ्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. सरळ सॅडलपर्यंत, म्हणजे ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्यापर्यंत, टेप लावू नका. इंटोनेशनसाठी (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर यावा म्हणून) प्रत्येक सॅडल थोडं मागे सरकवलेलं असतं, त्यामुळे चार तारांची चार वेगळी मापं येतील. बारावी फ्रेट 381 मिमीवर असेल तर स्केल 30 इंच, 432 मिमीवर असेल तर 34 इंच. फेंडरचा 1951 चा प्रिसिजन आणि 1960 चा जॅझ बेस 34 इंची, 1966 चा मस्टँग 30 इंची. गिब्सनचा ईबी-3 साडेतीस, रिकनबॅकरचा 4003 सव्वातेहतीस. पाच तारांचे बरेच बेस 35 इंची असतात.

पण स्केल म्हणजे तारेचा फक्त वाजणारा भाग. तार त्याच्या दोन्ही बाजूंना पुढे जाते, आणि खरेदीला उपयोगी पडणारी मापं तिथेच आहेत.

पहिलं माप: तारेचा बॉल (टोकाची धातूची कडी) जिथे अडकतो तिथपासून नटपर्यंत. दुसरं: नटपासून त्या तारेच्या ट्यूनरच्या (सूर लावायची खुंटी) खांबापर्यंत, म्हणजे तार जिच्याभोवती वेढली जाते त्या दांड्यापर्यंत. तारेकडे बघायचं ते असं: गाभ्याच्या तारेभोवती बाहेरची तार गुंडाळलेली असते, आणि टोकाकडे कुठेतरी ही पूर्ण जाडीची गुंडाळी संपून तार बारीक होते, कित्येक सेटमध्ये तिथून रंगीत रेशमी दोरा सुरू होतो. बॉलपासून त्या जागेपर्यंतची लांबी म्हणजे गुंडाळीची लांबी. काही उत्पादक ती संकेतस्थळावर देतात. 'लाँग' या शब्दापेक्षा त्या आकड्यावर विश्वास ठेवा, कारण एकाची लाँग आणि दुसऱ्याची लाँग सारखी असेलच असं नाही.

नियम एकच: गुंडाळी नट ओलांडून संपली पाहिजे, पण खांबाच्या आधी.

34 इंची बेसचं उदाहरण घ्या. नट ते सॅडल साधारण 864 मिमी, आणि बॉल सॅडलच्या 45 मिमी मागे, ब्रिजच्या पत्र्यात अडकलाय. एकूण 909 मिमी. ई तारेचा (सगळ्यात जाड) खांब नटपासून 50 मिमीवर असेल, तर ई तारेची गुंडाळी 909 पेक्षा जास्त आणि 959 पेक्षा कमी हवी. नटच्या पुढे निदान 10 ते 15 मिमी पूर्ण जाडीची तार दिसली पाहिजे, म्हणून खरी जागा 920 ते 955 च्या आसपास. चारही ट्यूनर एका बाजूला असलेल्या हेडस्टॉकवर (मानेच्या टोकाचा ट्यूनरचा भाग) ई चा खांब नटला सगळ्यात जवळ असतो, त्यामुळे तिची मोकळीक सगळ्यात कमी. जी चा (सगळ्यात बारीक तार) खांब लांब असल्याने तिथे जास्त सूट मिळते, पण जी ची एकूण लांबी पुरतेय का ते बघावं लागतं. उलट्या हेडस्टॉकवर हे सगळं फिरतं. दोन-दोन ट्यूनरच्या हेडस्टॉकवर ई आणि जी दोन्ही तपासा.

आता त्याच बेसवर तार बॉडीच्या मागून ओवा. बॉडीच्या जाडीतून वर येताना साधारण 30 ते 40 मिमी जादा तार खर्च होते, आणि मघाशी अगदी बरोबर बसलेल्या तारेचा रेशमी दोरा थेट नटच्या खाचेत येऊन बसतो. अशा बेसला एक्स्ट्रा लाँग लागू शकतात. हॉफनरच्या व्हायोलिन आकाराच्या 500/1 ची गंमत तर आणखी वेगळी: स्केल 30 इंची, पण तार टेलपीसला अडकत असल्याने ब्रिजच्या मागेही लांबलचक पट्टा. त्यावर साध्या शॉर्ट तारा कमी पडू शकतात. स्केल विचारून तारा देणारा विक्रेता इथेच चुकतो.

आखूड तार चढवली तर काय होतं? बारीक झालेला भाग नटच्या खाचेत येतो. खाच पूर्ण जाडीसाठी कोरलेली असते, त्यामुळे तार आत सैल बसते, मोकळी वाजवली की खरखरते किंवा बोदी वाजते. बोट दाबल्यावर मात्र तीच तार ठणठणीत, म्हणून लोक नट बदलायला निघतात. आधी खाचेत वाकून बघा: रंगीत दोरा नटवर टेकलेला दिसला तर नटचा काही दोष नाही.

लांब तारेचा त्रास उलटा. पूर्ण जाडीची ई तार, 105 गेजची (इंचाच्या हजारांशांत जाडी) म्हणजे जवळजवळ 2.7 मिमी, खांबाभोवती वळत नाही. नेटाने वळवली तर गुंडाळीच्या वेढ्यांत फटी पडतात. राउंडवाउंड (बाहेरची गुंडाळी गोल तारेची) तार कधीकधी हे सोसते. फ्लॅटवाउंडची (बाहेरची गुंडाळी चपट्या पट्टीची) पट्टी मात्र उलगडते किंवा गाभाच तुटतो. म्हणून 'लांब घ्या, कापून टाकू' हा सल्ला फ्लॅटवाउंडच्या बाबतीत तरी ऐकू नका. कापल्याने टोक कमी होतं, खांबावरची जाडी नाही.

कापायचंच असेल तर आधी पक्कडीने तार काटकोनात वाकवा, मग वळणाच्या पुढे कापा. हे वळण गुंडाळीला गाभ्यावर धरून ठेवतं. सरळ तारेवर कात्री चालवली की गुंडाळी गाभ्यावर घसरते आणि नवी कोरी तार मुकी होते. गोल गाभ्याच्या तारांना हा धोका जास्त, षटकोनी गाभ्याच्या तारांना कमी. किती ठेवायची? खांब 12 मिमी जाड धरला तर एक वेढा जेमतेम 38 मिमीचा. तीन वेढ्यांना 11 सेंटीमीटर, म्हणजे खांबाच्या पुढे साधारण तेवढी तार. दोनपेक्षा कमी वेढे झाले तर तार घसरते, आणि खांबावर वरून खाली उतरत न गेल्याने नटवरचा कोनही उथळ राहतो.

लांबी जमली तरी ताण वेगळाच असतो. तीच तार त्याच सुरात लावली तर ताण लांबीच्या वर्गानुसार बदलतो. 34 ऐवजी 30 इंच म्हणजे 30/34 चा वर्ग, सुमारे 0.78, ताण 22 टक्के कमी. म्हणून लाँग बेसवर आवडलेलं 45-100 (बारीक ते जाड तारेचं गेज) शॉर्टवर पिचकं वाटतं. थोडं जाड गेज घेतलं की बरं वाटतं, मात्र ई ची खाच रुंद करावी लागू शकते. 35 इंचावर तीच तार सहा टक्के जास्त ताणते. पाचव्या बी तारेला हा ताण फायद्याचा.

मल्टिस्केल (प्रत्येक तारेचं स्केल वेगळं असलेल्या) बेसवर प्रत्येक तार स्वतंत्र मोजा, तिरका ब्रिज आणि तिरका नट दोन्ही धरून. स्टाइनबर्गर धाटणीच्या हेडलेस (हेडस्टॉक नसलेल्या) बेसवर तार दोन्ही टोकांना बॉल असलेली लागते. तिथे कापाकापीला वावच नाही, बॉल ते बॉल अंतर ट्यूनरच्या सरकण्याच्या आवाक्यात बसलं तरच ती सुरात येते.

पाकीट उघडल्यावर आधी फक्त ई तार ब्रिजला अडकवा, ताणून हेडस्टॉकवर आडवी धरा आणि दोरा कुठे सुरू होतो ते बघा. तार वळवलेली किंवा कापलेली नसेल, तर सेट बदलून मागायला अजून तोंड असतं.