तुम्ही विचारलंत म्हणून: पोर्टफोलिओत किती कामं ठेवू?

अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाची मुलं भेटली की हा प्रश्न ठरलेला. पोर्टफोलिओ म्हणजे मुलाखतीला नेायचा आपल्या निवडक कामांचा संच; आकडाच हवा असेल तर त्यात पाच-सहा कामं पुरेत. पण मुलाखत घेताना मला तुमचं एखादं तरी काम मुळापासून बघायचं असतं, आणि नेमकं तेच बघायला मिळत नाही.

समजा, तुम्ही गोड्या मसाल्याचं पाकीट केलंय. पोर्टफोलिओत ते येतं ते तयार मॉकअपमध्ये, म्हणजे खऱ्या वस्तूसारख्या भासणाऱ्या नमुनाचित्रात: हवेत तरंगणारं, खाली मऊ सावली, भोवती दालचिनी आणि दगडफूल. चित्र देखणं असतं. पण त्यात तुम्ही काय ठरवलंत, हे मला दिसत नाही.

मला पाकिटाची मागची बाजू दाखवा. घटक, पोषणमूल्यांचा तक्ता, निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादकाचा पत्ता, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी परवाना क्रमांक, बारकोड, हे सगळं एवढ्याशा जागेत बसवायचं आणि तरी वाचता आलं पाहिजे. आकड्यांची किमान उंचीसुद्धा पाकीटबंद वस्तूंच्या 2011 च्या नियमांनी बांधून दिलेली आहे. शाकाहाराचा हिरवा ठिपका तर पुढच्याच बाजूला, नावाजवळ लागतो. पाकीटच हिरवं असेल तर त्या ठिपक्यामागे पांढरी जागा सोडावी लागते. ती सोडताना तुम्ही नाव जरा डावीकडे सरकवलं असेल, तर तसं दोन ओळींत लिहा. शेजारी सपाट आर्टवर्क ठेवा, कापायच्या आणि दुमडायच्या रेषांसकट. हे पान बघितलं की तुमच्याशी बोलायला मला भरपूर विषय मिळतो, आणि मुलाखत तिथूनच रंगते.

नावाची अक्षरं तुम्ही स्वतः काढली असतील तर ती छपाईच्या मापातही दाखवा. स्क्रीनभर मोठं केलेलं 'गोडा' सुंदर दिसणारच. 50 ग्रॅमच्या पाकिटावर 'ड'च्या पोटातली जागा शाईने भरून जाते का, ते मला बघायचंय. आणि देवनागरी फॉन्ट केला असेल तर क, ख, ग वर थांबू नका. द्ध, ट्र, रू, 'दुसऱ्या'मधला ऱ्या, मराठी वळणाचे ल आणि श एका ओळीत मांडा, आणि खाली बारीक टायपात एक सलग परिच्छेद लावा. फॉन्टचं खरं रूप त्या परिच्छेदात कळतं.

कामाखाली काय लिहावं, हेही बरेच जण विचारतात. 'मिनिमल', 'मॉडर्न' असली विशेषणं कुठल्याही कामाला चिकटतात, म्हणून ती नकोत. रुपयाचं चिन्ह घ्या. आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात, घडलेल्या डी. उदय कुमार यांचं हे डिझाइन सरकारने 2010 साली स्वीकारलं. देवनागरी 'र', रोमन 'आर' आणि वरची शिरोरेषा, एवढं सांगितलं की चिन्हाकडे पुन्हा बघावं आणि तिन्ही गोष्टी तिथे सापडाव्यात. तुमचं वाक्यही असं असावं, की ते वाचून नजर परत कामाकडे जाईल.

गटाने केलेलं काम बेधडक ठेवा, फक्त तुमचा वाटा स्पष्ट लिहा. 'चित्रं मैत्रिणीची, अक्षरं आणि मांडणी माझी' असं वाचलं की माझा विश्वास वाढतो. क्लायंट नसताना स्वतःहून केलेल्या कामावरही तसं लिहा. त्यात कमीपणा काहीच नाही.

आणि क्लायंटने तुमचा आवडता पर्याय सोडून दुसराच छापला असेल तर? छापलेलं आधी दाखवा, तुमचं त्याच्या शेजारी, तेवढ्याच आकारात. क्लायंटचं म्हणणं काय होतं ते एका ओळीत लिहा, आणि ते तुम्हाला आजही पटत नसेल तर का पटत नाही, ते पुढच्या ओळीत.