वास घेऊन कळत नाही

आमच्या नागपूरच्या घरी मे महिन्यात सकाळचं वरण संध्याकाळी गरम करायच्या आधी आई पातेल्यात नाक घालून वास घ्यायची. आंबूस आला की सरळ फेकायचं, नाही आला तर खायचं. ४५ डिग्रीत ती टेस्ट चांगलीच चालायची, कारण वरण नासतं ते जिवाणूंमुळे आणि ते वाढले की बहुतेक वेळा वास येतोच. पुढे एलआयटीत (नागपूरचं तंत्रज्ञान कॉलेज) फूड टेक्नॉलॉजी करताना पेट्री डिशवरच्या जिवाणूंच्या कॉलन्या, म्हणजे पुंजके, मोजायचे तेव्हा मला वाटायचं की आपण आईचंच काम करतोय, फक्त नीट मोजून.

इथे नेदरलँड्समध्ये आले आणि ते सगळं बाजूला ठेवावं लागलं. मी अन्नातून पसरणाऱ्या विषाणूंवर काम करते, मुख्य म्हणजे वांत्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस आणि काविळीचा हिपॅटायटिस ए. हे अन्नात वाढतच नाहीत. जिवाणूला वरण पुरतं, विषाणूला माणसाची जिवंत पेशीच लागते, तोवर तो नुसता बसून राहतो, अन्न ताजंच दिसतं, वास नाही, चव तीच. आणि नोरोचे वीसच्या आसपास कणसुद्धा माणसाला आडवं करायला पुरतात असा अंदाज आहे.

सुट्टीत घरी गेले की शेजारच्या काकू विचारतात, "काहून गं, वांत्या-जुलाब शिकायला इतक्या लांब जावं लागते का?" मी त्यांना खरंच बसून सांगते. जगात दरवर्षी साधारण ६८ कोटी ५० लाख लोकांना नोरो होतो, त्यातली २० कोटी पाच वर्षांखालची पोरं, आणि त्यातली ५० हजारांच्या आसपास जातात. एवढं ऐकलं की काकू गप्प होतात.

इथे हिवाळा म्हणजे नोरोचा सीझन आणि कालवांचाही. (कालव म्हणजे शिंपल्यातला जीव, कोकणातल्यांना माहीत असेल, आपल्या विदर्भात कोण खातं!) झीलंड प्रांतातलं यर्सेके हे गाव त्यासाठीच प्रसिद्ध आहे, लोक लिंबू पिळून कच्चंच खातात. एक कालव तासाला कित्येक लिटर पाणी गाळतं, त्या पाण्यात सांडपाणी मिसळलं असेल तर विषाणू त्याच्या पचनग्रंथीत साठून राहतो. आमचं काम तिथूनच सुरू होतं. शिंपला सुरीने उघडायचा, मऊ मांसातून ती काळपट ग्रंथी तेवढी कापून काढायची, निदान दहा कालवांची मिळून २ ग्रॅम, ब्लेडने अगदी चटणीसारखी बारीक करायची, मग एन्झाइम घालून ३७ डिग्रीला तासभर हलवत ठेवायची. त्यात आधीच मेंगोव्हायरस नावाचा दुसरा, निरुपद्रवी विषाणू मोजून टाकलेला असतो, शेवटी तो किती परत मिळाला त्यावरून आपल्या हातून किती निसटलं ते कळतं. मागच्या जानेवारीत तो जवळजवळ मिळालाच नाही आणि तीन दिवसांची अख्खी बॅच फेकावी लागली, त्या संध्याकाळी सायकलवर घरी येताना मला रडू आलं होतं.

पण खरी अडचण याच्या पुढची आहे. पीसीआर मशीन सांगतं की विषाणूचा आरएनए (त्याचं जनुकीय द्रव्य) आहे, तो विषाणू जिवंत आहे की मेलेला ते सांगत नाही. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या नॉरवॉक गावच्या शाळेत वांत्या-जुलाबाची साथ आली, त्या नमुन्यांतून १९७२ मध्ये शास्त्रज्ञ अल्बर्ट कपिकियन यांनी नोरो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिला, आणि तरी मेरी एस्टेस यांच्या ह्यूस्टनच्या लॅबमध्ये आतड्याच्या पेशींच्या छोट्या गोळ्यांवर तो नीट वाढायला २०१६ उजाडलं. तो पेपर आला तेव्हा मी पीएचडीत होते, आमच्या लॅबमध्ये त्या दिवशी दुसरं कोणी काही बोलतच नव्हतं. आजही ती पद्धत इतकी महाग आणि नाजूक आहे की रोजच्या तपासणीला वापरता येत नाही. माल अडवायचा की सोडायचा, हा प्रश्न त्यामुळे दर आठवड्याला तसाच समोर येतो.

मी या कामाला इतकी का चिकटून आहे, तर दादाच्या काविळीमुळे. तो दहावीत होता, उन्हाळा होता, डोळे हळदीसारखे पिवळे झाले आणि घरात सगळे आठवत बसले की परवा काय खाल्लं होतं. आता कळतं की परवाचं शोधून उपयोगच नव्हता. हिपॅटायटिस ए असेल तर पोटात गेल्यापासून दिसायला सरासरी २८ दिवस लागतात, म्हणजे महिन्याभरापूर्वीचा रस्त्यावरचा गुपचूप (पाणीपुरी), नाहीतर रसवंतीतला बर्फ. बर्फाने हे मरत नाहीत हो! २०१२ मध्ये जर्मनीत गोठवलेल्या स्ट्रॉबेरीतल्या नोरोमुळे ११ हजारांच्या आसपास लोक आजारी पडले, बहुतेक शाळेतली मुलं. शिवाय नळ तासभर येऊन गेला की पाइपमधला दाब जातो आणि फुटक्या जोडातून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं, हे कुठल्याही गावात होऊ शकतं.

म्हणून पाणी उकळूनच प्या, आणि संत्रं हात धुऊन स्वतः सोलून खा, गाडीवरचं कापलेलं फळ नको. सॅनिटायझर कोरोनाला चालला कारण त्याला चरबीचं आवरण असतं, नोरोला ते नसतं, त्यामुळे अल्कोहोल त्याच्यावर फारसं चालत नाही. साबण लावून चोळायचं आणि वाहत्या पाण्याखाली धुऊन टाकायचं, वीस सेकंद तरी.

हे मी आईला फोनवर इतक्यांदा सांगितलं की गेल्या रविवारी तिने फोटोच पाठवला, बेसिनवरची सॅनिटायझरची बाटली गेली होती आणि तिथे साबणदाणीत नवीन वडी होती. वरणाचा वास मात्र ती अजून घेते, आणि ते बरोबरच आहे.