तेरीज जुळली, तरीही

मंगळवार, रात्र

घसा पार बसलाय. पंधरा वर्षं खुर्चीत बसून हिशेब तपासले, दिवसाला पाच तास उभं राहून बोलायची सवय अजून लागायची आहे. पण आजचं आजच लिहायला हवं.

सहावीचा वर्ग, दशांश अपूर्णांक. फळ्यावर ०.८ आणि ०.३५ लिहून विचारलं, मोठी संख्या कोणती? आणि मनातल्या मनात तीनपर्यंत मोजलं. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात; तीन सेकंद थांबले तर मुलं अधिक सविस्तर उत्तरं देतात आणि एरवी गप्प असणारीही बोलू लागतात. वाचायला सोपं आहे. वर्गासमोर ती शांतता सोसवत नाही. पहिल्या महिन्यात मीच उत्तर सांगून मोकळी व्हायचे.

आज थांबले. बहुतेकांनी ०.३५ म्हटलं, कारण आठापेक्षा पस्तीस मोठे. हे होणार हे पाठाच्या टाचणात लिहूनच ठेवलं होतं. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र हळूच म्हणाली, ०.८.

बरोबर! शाबास म्हणून पुढे जाणारच होते, पण सहज विचारलं, कशावरून?

"मॅडम, दशांश चिन्हानंतर आकडे कमी असले की संख्या मोठी. दशांश मोठे असतात, शतांश लहान."

मग ०.४ आणि ०.७५ लिहून दिले. ती क्षणभरही न अडखळता म्हणाली, ०.४.

हिशेबात हे किती वेळा पाहिलंय! तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाकींचा ताळा, जुळते, दोन्ही बाजू शेवटच्या आकड्यापर्यंत सारख्या, आणि आत दोन चुका एकमेकींना झाकून बसलेल्या. तिथे चूक सापडली की दुरुस्तीची नोंद टाकायची, काम संपलं. इथे तसं करता येत नाही. तिच्या बोलण्यात अर्धं खरं आहे: एक दशांश एका शतांशापेक्षा मोठा असतोच. किती दशांश आणि किती शतांश, एवढंच तिच्या हातून सुटतंय. ते खरं अर्ध जपून पुढे जायला हवं. नाहीतर ती सगळंच सोडून देईल आणि माझा नियम पाठ करेल.

शंभर चौकोनांचा कागद दिला. चार उभ्या रांगा रंगवून झाल्या, शेजारच्या कागदावर पंचाहत्तर घरं. बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिली. मी काही बोलले नाही. मग म्हणाली, "म्हणजे ०.४ म्हणजेच चाळीस शतांश?" तेवढ्यात घंटा झाली.

सराव पाठांच्या वेळी एका ज्येष्ठ बाईंनी सांगितलं होतं, "तुम्हाला गणित चांगलं येतं, म्हणून सुरुवातीला जड जाईल." तेव्हा वाईट वाटलं होतं. आपल्याला जे आपोआप दिसतं ते कुणाला कसं दिसत नसेल, हे शोधायला मी कधी बसलेच नव्हते. आता रोज रात्री तेच करते, आणि नोकरी सोडल्याची हुरहुर त्या वेळात तरी जाणवत नाही.

उद्याचं टाचण बदललं. सुरुवातीला फळ्यावर ०.६ आणि ०.६०. साठ मोठे म्हणणारे आणि कमी आकडे म्हणजे मोठी संख्या म्हणणारे, दोघेही इथे अडतील. प्रश्न आधी तिलाच विचारेन, आणि तीनच्या ऐवजी पाचपर्यंत मोजेन.